खेड्यातल्या मुलांसाठी टीव्ही मागणारे विक्रमभाई



१२ ऑगस्ट हा डॉ. विक्रम साराभाई यांचा जन्मदिवस. या दिवशी शाळाशाळांतून फळ्यावर रॉकेटचे चित्र काढले जाते, इस्रोची स्थापना कोणी केली हा प्रश्न विचारला जातो आणि चंद्रयानाच्या लँडरला ‘विक्रम’ हे नाव का दिले तेही सांगितले जाते. हे सर्व योग्यच आहे. परंतु या अंकात आम्ही त्यांच्या आयुष्यातील एका वेगळ्याच खटपटीविषयी लिहीत आहोत. विक्रमभाईंनी सरकारकडे मुलांसाठी टीव्ही मागितला होता. तोही अशा गावांतील मुलांसाठी, जिथे धड रस्ता नव्हता आणि कित्येक ठिकाणी वीजसुद्धा नव्हती. ही मागणी गळी उतरवण्यात त्यांची कित्येक वर्षे गेली. ती मान्य झाली, करारावर सह्या झाल्या, आणि पहिला कार्यक्रम दिसण्याच्या साडेतीन वर्षे आधी विक्रमभाई हे जग सोडून गेले.

त्यांचा जन्म १९१९ साली अहमदाबादेत झाला. वडील अंबालाल साराभाई हे मोठे गिरणीमालक, आई सरलादेवी. भावंडे आठ. घर श्रीमंत होते, पण त्या घरातील शिक्षणाची रीत निराळी होती. आईवडिलांनी मुलांना नेहमीच्या शाळेत न घालता शाहीबागेतील आपल्या ‘रिट्रीट’ बंगल्यातच शाळा काढली. मादाम माँटेसोरींच्या पद्धतीचा तिच्यावर प्रभाव होता. भाषा आणि गणिताबरोबर चित्रकला, संगीत, हातकाम यांनाही तेवढेच स्थान होते. लहान विक्रमला यंत्रांचा फार नाद. त्याच्यासाठी घरी कार्यशाळा होती आणि तेथे त्याने आगगाडीच्या इंजिनाची चालणारी प्रतिकृती तयार केली होती. घरी येणारे पाहुणे म्हणजे गांधीजी, रवींद्रनाथ ठाकूर यांच्यासारखे. आत्या अनसूयाबेन यांनी तर १९१८ च्या प्रसिद्ध संपात गिरणी कामगारांची बाजू घेतली होती, आणि समोरच्या बाजूला त्यांचे सख्खे भाऊ अंबालालशेठ होते. मालकाचे म्हणणे आणि मजुराचे म्हणणे, दोन्ही ज्या घरात ऐकायला मिळते तेथील मूल दुसऱ्याची बाजू समजून घ्यायला लवकर शिकत असावे, असे आम्हांला वाटते.

गुजरात कॉलेजमधून ते केंब्रिजला गेले. १९४० मध्ये तेथील परीक्षा दिली, पण महायुद्ध पेटले होते म्हणून परत आले आणि बंगलोरला सर सी. व्ही. रामन यांच्याकडे विश्वकिरणांवर संशोधन करू लागले. बंगलोरमध्येच त्यांची नृत्यांगना मृणालिनी स्वामीनाथन यांच्याशी ओळख झाली आणि १९४२ साली त्यांचा विवाह झाला. युद्ध संपल्यावर पुन्हा केंब्रिज, १९४७ मध्ये पीएच.डी. आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये अहमदाबादेत भौतिक संशोधन प्रयोगशाळेची स्थापना. तेव्हा त्यांचे वय होते अठ्ठावीस. प्रयोगशाळा म्हणजे एका सायन्स कॉलेजातील काही खोल्या. येथून पुढे त्यांनी संस्था उभारण्याचा जो सपाटा लावला, त्याची नुसती यादी केली तरी पान भरेल. आपण ती करणार नाही. आपल्या विषयाला लागतील तेवढ्या दोनच घेऊ.

पहिली ‘अटिरा’, म्हणजे अहमदाबादच्या कापड उद्योगाची संशोधन संस्था. विक्रमभाईंना विश्वकिरण माहीत होते, सुताचे शास्त्र नव्हते. शिवाय गिरणीमालकांना वाटे की आमच्या वाडवडिलांपासूनच्या धंद्यात हे प्रयोगशाळेतले पोर आम्हांला काय शिकवणार! अशा लोकांना मोजमाप करून दाखवायचे, लहानसा फायदा त्यांच्याच गिरणीत घडवून दाखवायचा आणि मग पुढचे बोलायचे, हे काम त्यांनी तेथे वर्षानुवर्षे केले. आमच्या मते दिल्लीत पुढे जी खटपट त्यांना करावी लागली, तिची तालीम या गिरण्यांत झाली.

दुसरी संस्था आपल्या बडोद्यातली. बडोदेकरांना साराभाई हे नाव रॉकेटच्या कितीतरी आधी औषधांमुळे माहीत होते. साराभाई केमिकल्सचा कारभार १९५० मध्ये विक्रमभाईंकडे आला. आपल्या शाळेच्या जुन्या पालकांपैकी कित्येकांची उभी हयात त्या कारखान्यात गेली आहे. येथेच १९६० साली त्यांनी ऑपरेशन्स रिसर्च ग्रुप स्थापन केला. लोक काय विकत घेतात, कशासाठी घेतात याचा अंदाज बांधत न बसता दुकानोदुकानी जाऊन पाहणी करायची, असे या मंडळींचे काम. हे येथे सांगण्याचे कारण म्हणजे, पुढे खेड्यात टीव्ही लावताना कार्यक्रम दाखवण्याइतकेच महत्त्व कोणी काय पाहिले आणि त्यातून काय घेतले हे मोजण्याला दिले गेले. ही सवय जुनी होती.

१९६२ मध्ये अंतराळ संशोधनासाठी राष्ट्रीय समिती नेमली गेली आणि विक्रमभाई तिचे अध्यक्ष झाले. २१ नोव्हेंबर १९६३ रोजी केरळात थुंबा येथून पहिले रॉकेट उडाले. २४ जानेवारी १९६६ रोजी डॉ. होमी भाभा विमान अपघातात गेले आणि काही महिन्यांत अणुऊर्जा आयोगाची जबाबदारीही विक्रमभाईंवर आली. हे दिवस कसे होते ते पालकांपैकी ज्येष्ठांना आठवत असेल. दोन वर्षे पाऊस नाही, बिहारमध्ये दुष्काळ, अमेरिकेतून गव्हाची जहाजे यायची तेव्हा रेशनवर धान्य मिळायचे. अशा देशाने आकाशात रॉकेटे कशाला सोडायची, हा प्रश्न लोक विचारत होते आणि तो चुकीचा नव्हता. विक्रमभाईंचे उत्तर असे होते की चंद्रावर माणूस पाठवण्याच्या शर्यतीत आपल्याला उतरायचेच नाही. आपल्याला उपग्रह हवा तो हवामान, दळणवळण आणि शिक्षण यांसाठी. यातले शिक्षण हे त्यांच्या मनाच्या सर्वांत जवळचे होते.

आता त्या वेळच्या टीव्हीची स्थिती पाहू. भारतात टीव्ही सुरू झाला १५ सप्टेंबर १९५९ रोजी, दिल्लीत. तो आकाशवाणीचाच एक छोटा विभाग होता. १९६१ पासून दिल्लीच्या माध्यमिक शाळांसाठी त्यावर पाठ दाखवू लागले, कारण पुष्कळ शाळांत प्रयोगशाळा नव्हत्या. पण हे सर्व दिल्लीपुरते. मुंबईत टीव्ही आला तो थेट २ ऑक्टोबर १९७२ रोजी. म्हणजे तेरा वर्षे एवढ्या मोठ्या देशात टीव्हीचे एकच शहर होते! पुढची वाट सगळ्यांना उघड दिसत होती. दिल्लीनंतर मुंबई, मग कलकत्ता आणि मद्रास, मग राज्यांच्या राजधान्या, मग जिल्ह्याची गावे. प्रत्येक ठिकाणी उंच मनोरा उभारायचा. खेड्याचा नंबर कधी येईल? पंचवीस, तीस, कदाचित चाळीस वर्षांनी.

विक्रमभाईंनी ही रांगच उलटी करायला सांगितली. उपग्रह वर आकाशात एका जागी स्थिर दिसतो. त्याच्या दृष्टीने दिल्लीतील बंगला आणि रायपूरजवळचे पाडे सारख्याच अंतरावर. मग खेड्याने शहराच्या मागे का थांबावे? ज्या गावी चांगला शिक्षक जायला तयार नाही, ज्या शाळेत फळ्याशिवाय दुसरे साधन नाही, तेथेच हे साधन आधी का नको? १९६९ च्या नोव्हेंबरमध्ये दिल्लीतील एका आंतरराष्ट्रीय परिषदेत त्यांनी विकासासाठी टीव्ही या विषयावर निबंध वाचला. दहा वर्षांत देशाच्या सुमारे ८० टक्के लोकांपर्यंत टीव्ही पोचवता येईल, असा हिशेब त्यात होता. त्या वेळी देशात एकच टीव्ही केंद्र होते हे लक्षात घ्या, म्हणजे हे म्हणणे ऐकणाऱ्यांना कसे वाटले असेल याची कल्पना येईल.

येथे एक अडचण मुलांनी नीट समजून घ्यावी. टीव्ही विक्रमभाईंच्या हातात नव्हता. तो होता आकाशवाणीच्या आणि माहिती व प्रसारण खात्याच्या हातात. शाळा होत्या राज्य सरकारांच्या आणि शिक्षण खात्याच्या हातात. वीज तिसऱ्याकडे. उपग्रह तर आपल्याकडे नव्हताच. अशा वेळी नुसते भाषण करून काही होत नसते. पंतप्रधान इंदिरा गांधी स्वतः १९६४ ते १९६६ या काळात माहिती व प्रसारण मंत्री होत्या आणि साराभाई कुटुंबाशी त्यांचा परिचयही होता, त्यामुळे दार उघडे होते हे खरे. पण दार उघडे असणे वेगळे आणि खात्याखात्यांतील अधिकाऱ्यांनी मनापासून हो म्हणणे वेगळे. शाळा चालवणाऱ्या कोणालाही हा फरक सांगायला नको.

त्यांनी आधी एक लहान नमुना करून दाखवला. दिल्लीच्या आसपासची ८० गावे घेतली, तेथे सार्वजनिक टीव्ही संच ठेवले आणि २६ जानेवारी १९६७ पासून शेतकऱ्यांसाठी ‘कृषिदर्शन’ हा कार्यक्रम सुरू झाला. अणुऊर्जा विभाग, आकाशवाणी, कृषी संशोधन संस्था आणि दिल्ली प्रशासन यांना या कामात एकत्र बसावे लागले. शंका घेणाऱ्यांना वाटत होते की खेड्यात संच टिकणार नाहीत, दुरुस्त कोण करील, आणि शेतकरी दिवसभर राबून टीव्हीसमोर बसेल कशाला? संच टिकले, शेतकरी बसले आणि पाहिलेले शेतात करून बघू लागले. या ठिकाणी आम्हांला श्रीमंत सयाजीराव महाराजांची आठवण होते. सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग महाराजांनी १८९३ साली आधी दूरच्या अमरेली तालुक्यात केला, आणि तो तेथे जमतो हे पाहून १९०६ मध्ये सगळ्या राज्यात नेला. विक्रमभाईंची रीत तीच.

मग आला पैशांचा हिशेब. १९६७ मध्ये भारतीय आणि अमेरिकन तज्ज्ञांनी मिळून अभ्यास केला की सर्व देशात टीव्ही न्यायचा तर कोणता मार्ग स्वस्त पडेल. नुसते मनोरे उभारणे महाग निघाले. उपग्रहावरून थेट खेड्यात आणि दाट वस्तीच्या भागात मनोऱ्यावरून, असा मिश्र मार्ग सर्वांत कमी खर्चाचा ठरला. दयेच्या गोष्टी बाजूला ठेवून हा आकड्यांचा कागद त्यांनी पुढे केला. गिरणीमालकांशी बोलायची सवय येथे कामी आली, असे म्हणायला हरकत नाही.

उपग्रह मात्र उसना घ्यावा लागणार होता. अमेरिकेची नासा संस्था तेव्हा एक शक्तिशाली उपग्रह तयार करत होती. लहान अँटेनावर थेट टीव्ही दिसू शकतो का, हे त्यांनाही तपासायचे होते आणि त्यासाठी त्यांना विषुववृत्ताच्या जवळचा, मोठा, खेड्यांचा देश हवा होता. विक्रमभाईंनी ही गरज ओळखली. आपण मागायला आलेलो नाही, दोघांचेही काम होणार आहे, अशा भूमिकेतून त्यांनी बोलणी केली. १८ सप्टेंबर १९६९ रोजी करार झाला. अमेरिकेने उपग्रह एक वर्ष वापरायला द्यायचा, जमिनीवरचे सर्व काही भारताने करायचे, पैशांची देवाणघेवाण नाही. परदेशी उपग्रहावरून आपल्या खेड्यात काय दाखवले जाईल, अशी भीती त्या काळात अनेकांना होती, आणि ती वाटणे स्वाभाविक होते. म्हणून कार्यक्रम कोणते हे ठरवण्याचा अधिकार पूर्णपणे भारताचा राहील, हे करारात स्पष्ट होते. त्याच्या सुमारे एक महिना आधी, १५ ऑगस्टला, इस्रोची स्थापना झाली होती.

त्यानंतर त्यांच्या हाती दोनच वर्षे होती. अणुऊर्जा, अंतराळ, अहमदाबादच्या संस्था, सतत विमानप्रवास. ३० डिसेंबर १९७१ रोजी, थुंबाजवळ कोवळम येथे मुक्कामी असताना, झोपेतच त्यांचे निधन झाले. वय अवघे ५२. ज्यांनी नेहमी हा माणूस चालता-बोलताच पाहिला होता, त्यांना ही बातमी खरी वाटेना.

पुष्कळ योजना अशा वेळी कपाटात जातात. ही गेली नाही, आणि याचे श्रेय मागे राहिलेल्यांना दिले पाहिजे. इस्रोची धुरा प्रा. सतीश धवन यांनी घेतली. अहमदाबादच्या अंतराळ उपयोग केंद्राचे प्रमुख प्रा. यशपाल झाले. आणि या टीव्ही प्रयोगाचे, ज्याला ‘साइट’ असे नाव होते, कार्यक्रम व्यवस्थापक होते डॉ. एकनाथ चिटणीस. मूळचे कोल्हापूरचे, विक्रमभाईंचे जुने सहकारी, थुंबाची जागा शोधण्यापासून बरोबर असलेले. आपल्या विद्यार्थ्यांनी आणखी एक नाव लक्षात ठेवावे, प्रमोद काळे. पुण्यात जन्मलेल्या या मुलाने मॅट्रिक आणि बी.एस्सी. आपल्या बडोद्यातूनच केले, विक्रमभाईंच्या हाताखाली शिकला, थुंबाच्या पहिल्या तुकडीत काम केले आणि पुढे अंतराळ उपयोग केंद्राचा संचालक झाला.

१ ऑगस्ट १९७५ रोजी ‘साइट’ सुरू झाले. सहा राज्ये, २० जिल्हे, सुमारे २,४०० गावे. राज्ये होती आंध्र, बिहार, कर्नाटक, मध्य प्रदेश, ओरिसा आणि राजस्थान. मध्य प्रदेशातील जिल्हे रायपूर, दुर्ग आणि बिलासपूर, जे आता छत्तीसगडमध्ये आहेत. कर्नाटकातील विजापूर, गुलबर्गा, रायचूर. मुद्दाम मागासलेले भाग निवडले होते. प्रत्येक गावी एक संच आणि छपरावर किंवा अंगणात दहा फूट रुंदीची छत्री. ही छत्री कशाची होती? कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात त्या तारेच्या जाळीची! जाळी हलकी, स्वस्त, वारा आरपार जाऊ देणारी, आणि गावचा माणूसही वाकलेली तार सरळ करू शकेल अशी. संच आपल्याच देशात तयार झाले, हैदराबादच्या कारखान्यात. वीज नसेल तेथे बॅटरीवर चालत. कोणत्याही दिवशी दहांपैकी नऊ संच चालू असत. आजच्या शाळांतील संगणक कक्षांकडे पाहिले तर हा आकडा किती मोठा आहे ते शिक्षकांना कळेल.

सकाळचा दीड तास मुलांचा होता. पाच ते बारा वर्षांची मुले शाळेतच टीव्हीसमोर बसत. हिंदी, उडिया, तेलुगू आणि कन्नड, प्रत्येक भाषेला साडेबावीस मिनिटे. संध्याकाळी अडीच तास मोठ्यांसाठी शेती, आरोग्य, कुटुंबनियोजन आणि मनोरंजन. कार्यक्रम कोणी तयार करायचे यावर इस्रो आणि आकाशवाणी यांच्यात बरीच ओढाताण झाली. शेवटी बहुतेक कार्यक्रम आकाशवाणीच्या टीव्ही विभागाने दिल्ली, कटक आणि हैदराबाद येथे केले, आणि मुलांसाठी विज्ञानाचे कार्यक्रम इस्रोने आपल्या मुंबईच्या स्टुडिओत केले. मुलांच्या कार्यक्रमात क्रमिक पुस्तकाचे धडे मुद्दाम टाळले होते. गाणी, गोष्टी, बाहुल्यांचे खेळ, आजूबाजूच्या वस्तूंतले विज्ञान, असे त्यांचे स्वरूप होते. मुलाला शाळेत यावेसे वाटले पाहिजे, हा हेतू. या मागे ‘रिट्रीट’मधल्या त्या घरच्या शाळेची सावली आम्हांला दिसते. विक्रमभाईंनी १९६६ मध्ये अहमदाबादेत मुलांसाठी सामुदायिक विज्ञान केंद्र काढले होते, तेही याच विचाराने, की विज्ञान हाताळून शिकावे.

मुलांबरोबर शिक्षकांचाही विचार झाला होता. १९७५ ची दिवाळीची सुटी आणि १९७६ ची उन्हाळ्याची सुटी, अशा दोन खेपांत मिळून सुमारे ४८ हजार प्राथमिक शिक्षकांना विज्ञान कसे शिकवावे याचे बारा दिवसांचे प्रशिक्षण टीव्ही, रेडिओ आणि छापील पुस्तिकांच्या साहाय्याने दिले गेले. एवढ्या शिक्षकांना एकाच वेळी, आपापल्या भागातच राहून शिकता आले, ही गोष्ट आम्हांला सर्व प्रयोगात सर्वांत मोलाची वाटते. टीव्ही आला की गुरुजींची गरज संपेल असे म्हणणारे तेव्हाही होते.

आता निकालाकडे. समाजशास्त्रज्ञ गावांत राहून पाहत होते, प्रश्न विचारत होते. टीव्ही पाहणाऱ्या मुलांच्या भाषेत सुधारणा दिसली, पुस्तकाबाहेरचे जाणून घेण्याची ओढ वाढली. पण शाळेच्या पटावर किंवा गळतीवर फारसा परिणाम झाला नाही. ज्या मुलीला धाकट्या भावाला सांभाळायला घरी राहायचे आहे तिला टीव्ही शाळेत आणू शकत नाही, हे उघड आहे. भाषेचाही प्रश्न होता. हिंदीतील एकच कार्यक्रम राजस्थान, बिहार आणि छत्तीसगड या तिन्ही भागांत जायचा, पण तेथील मुलांच्या घरची बोली वेगवेगळी. आमचे स्वतःचे शिक्षण हिंदी माध्यमातून आणि घरी मराठी, त्यामुळे शाळेची भाषा व घरची भाषा यांतले अंतर लहान मुलाला किती लांब वाटते ते आम्ही जाणतो. शिवाय ते आणीबाणीचे वर्ष होते आणि संध्याकाळच्या कार्यक्रमांत सरकारी प्रचार फार, अशी टीकाही झाली. या गोष्टी झाकून ठेवण्याचे कारण नाही. विक्रमभाई असते तर त्यांनी याच नोंदी सर्वांत आधी वाचायला मागितल्या असत्या.

३१ जुलै १९७६ ला वर्ष संपले. करार वर्षाचाच होता, उपग्रह परत न्यायचा होता. अडीच हजार गावांतील पडदे कोरे झाले. काही भागांत १९७७ पासून जमिनीवरचे मनोरे आले, पण बऱ्याच गावांना पुन्हा वाट पाहावी लागली. आपला स्वतःचा इन्सॅट-१बी उपग्रह कामाला लागला १९८३ मध्ये. त्याच्या आधारे शालेय कार्यक्रम मराठीतही सुरू झाले. पुण्यात १९८४ साली ‘बालचित्रवाणी’ स्थापन झाली आणि महाराष्ट्रातल्या एका पिढीने दूरदर्शनवर तिचे कार्यक्रम पाहिले. ती संस्था २०१७ मध्ये बंद झाली याचे दुःख वाटते. इकडे १९८२ मध्ये रंगीत टीव्ही आला, मालिका आल्या, जाहिराती आल्या, आणि टीव्ही झाला तो मुख्यतः शहरातल्या दिवाणखान्याचा. विक्रमभाईंनी उलटी केलेली रांग पुन्हा सरळ झाली, असे आम्हांला खेदाने म्हणावे लागते. २००४ मध्ये इस्रोने केवळ शिक्षणासाठी एज्युसॅट हा उपग्रह सोडला तेव्हा जुन्या मंडळींना ‘साइट’चे दिवस आठवले असतील.

एक गोष्ट मात्र आपल्या अगदी शेजारची आहे. बडोद्याहून अहमदाबादला जाताना नडियादजवळ पीज नावाचे गाव लागते. १९७५ मध्येच तेथे एक छोटा मनोरा उभा राहिला आणि खेडा जिल्ह्यातील गावांसाठी गुजरातीत कार्यक्रम सुरू झाले. अनेक गावांत संच ठेवला होता तो दूध मंडळीत, म्हणजे जेथे सर्व जातींचे लोक रोज दूध घालायला येतच असत. कार्यक्रमांत चरोतरची बोली होती, गावचेच लोक काम करीत, आणि मजुरी, अस्पृश्यता, दारू असे अवघड विषय त्यात येत. १९८४ मध्ये या प्रकल्पाला ग्रामीण संपर्कासाठीचे युनेस्कोचे पारितोषिक मिळाले.

आपल्या शाळेतील अनेक कुटुंबांचे नातेवाईक नडियाद, आणंद, पेटलाद या बाजूला आहेत. काहींची मुळे रायपूर-दुर्ग किंवा विजापूर-गुलबर्ग्याकडे आहेत. तुमच्या घरी किंवा नात्यात कोणी १९७५-७६ साली शाळेत किंवा दूध मंडळीत बसून हा टीव्ही पाहिला असेल, तर त्यांच्याकडून माहिती घ्या. संच कोठे ठेवला होता, कोण चालू करीत असे, कोणता कार्यक्रम आठवतो, मुली येत असत का, आणि तो बंद झाला तेव्हा गावात काय झाले, हे विचारा. एका पानावर लिहून आपल्या वर्गशिक्षकांकडे द्या. निवडक मजकूर दिवाळी अंकात छापण्यात येईल.